सवतीच्या गावाला

(धुळे येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला आज 'माजी सैनिकांच्या बायका आणि त्यांचे हक्क' या विषयावर बोलायला सांगितलंय. जेवणानंतरचं सत्र, वर पत्रे तापलेले, अशा वेळी नियम वाचून दाखवायला लागले तर पहिली डुलकी मलाच लागेल. म्हणून मी एका प्रवासाची हकिगत सांगणार आहे. नियम त्यात वाटेत येतील तसे येतील. ज्यांची हकिगत आहे त्यांनी सांगायला परवानगी दिलीय, पण नावं घ्यायची नाहीत असं ठरलंय. मी त्यांना आबा आणि जिजी म्हणते, तुम्हीही तसंच म्हणा.

आबा अमळनेर तालुक्यातले. १९६९ साली, सतरा वर्षांचे असताना नौदलात भरती झाले. आपल्या खानदेशातून माणूस समुद्रावर जातो हेच पुष्कळांना खरं वाटत नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी, पांझरा, बोरी, आणि त्यातल्या दोन उन्हाळ्यात नुसती वाळू. आबांनी लोणावळ्याच्या 'शिवाजी' या नौदलाच्या केंद्रात इंजिनाचं शिक्षण घेतलं आणि 'विक्रांत'च्या बॉयलरखात्यात लागले. १९७१च्या युद्धात ते बोटीवर होते. बोटीच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, त्यामुळे वेग कमी ठेवून ती लढाईत उतरली, हे इतिहासात नोंदलेलं आहे. आबा ते असं सांगतात, की जणू घरातल्या आजारी म्हशीला सांभाळून आणलं. १५ वर्षं नोकरी करून पेन्शनीवर घरी आले तेव्हा त्यांचं वय होतं ३२. पुढे एका साखर कारखान्यात पुन्हा बॉयलरवरच. थोडक्यात, आबांचं आयुष्य आगीजवळ गेलं. तसं जिजीचंही गेलं, पण चुलीला पेन्शन नसते.

मागच्या दिवाळीत त्यांच्या नातवानं मोबाईलवर त्यांना अमेरिकेतलं एक म्हातारं जोडपं दाखवलं. म्हातारा पूर्वी तिकडच्या नौदलात होता. दोघं एक बससारखी गाडी घेऊन देशभर हिंडतात, तिच्यातच पलंग, तिच्यातच शेगडी, संडाससुद्धा. हिंडत हिंडत ते नॉरफोकला जातात, अमेरिकेच्या नौदलाचं सगळ्यात मोठं बंदर ते, आणि म्हातारा बोट दाखवून म्हणतो की इथे माझं जहाज उभं असायचं. आबांनी ते तीनतीनदा बघितलं. मग म्हणाले, "आपण बी जाऊ. मुंबईले."

तशा गाड्या आता आपल्याकडेही येऊ घातल्यात. राज्याच्या पर्यटन खात्यानं २०२१ साली कॅरव्हॅनसाठी धोरणच काढलं. पण आबांच्या पुतण्याकडे होती ट्रॅक्स. तिच्या मागच्या दोन बाकांपैकी एक काढून गादी टाकली, पाण्याचा जार, एका शेगडीचा छोटा सिलिंडर, कळण्याच्या पिठाचा डबा, ठेचा, बिबड्या. झालं घर.

मी यात कशी आले? आमच्या बचत गटाच्या बैठकीत जिजी मला म्हणाली, "तू बी चाल." मी विचारलं, मी कशाला? तर म्हणाली, "त्या माणूसनी इंग्रजी कागदं तूच वाचशी ना!" आणि मग हळूच, "आणि माले बी कोनी तरी पाहिजे." हे दुसरं कारण खरं होतं. पहिलंही खोटं नव्हतं, ते पुढे येईल.

आम्ही पाच जण निघालो. आबा, जिजी, गाडी चालवायला पुतण्या, त्यांची अकरावीतली नात आणि मी. २०२५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. धुळ्याला आग्रा रोडला लागलो, मालेगाव मागे टाकलं, चांदवडला मुक्काम. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, एका दमात होते. पण आबांना त्या म्हाताऱ्यासारखं गाडीतच झोपायचं होतं. रेणुकेच्या देवळाजवळ गाडी लावली.

आणि मग काय झालं सांगू? गाडी थांबल्यावर आबा आणि पुतण्या पाय मोकळे करायला गेले. जिजी शेगडी काढून भाकरी थापायला बसली. मी आणि नात वांगी चिरायला. मी हसायलाच लागले. चाकांवरचं घर म्हणजे चाकांवरची चूलही, हे त्या अमेरिकेतल्या म्हातारीनं सांगितलं नव्हतं! मी आबांना तसं म्हटलं, तर ते ओशाळले, आणि दुसऱ्या दिवशी कसाऱ्याच्या अलीकडे त्यांनी स्वतः खिचडी टाकली. जहाजावर शिकलेली. करपली, पण टाकली.

आणखी एक गोष्ट. त्या अमेरिकन गाडीत संडास होता, आमच्या गाडीत नव्हता. हायवेवर पुरुषांना गाडी कुठेही थांबवता येते. जिजी ६८ वर्षांची, साखरेचा आजार असलेली बाई, सकाळपासून पाणी पीत नव्हती. का, तर जायचं कुठे? मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी २०११मध्ये 'राइट टू पी' नावाची मोहीम उघडली तेव्हा पेपरवाल्यांनी त्या नावाची चेष्टा केली होती. चेष्टा करणाऱ्यांना एकदा जिजीबरोबर धुळे ते मुंबई पाठवायला हवं होतं.

त्या रात्री चांदवडला जिजी बोलली. गाडीच्या दाराशी आम्ही दोघी, आत नात झोपलेली.

तिचं लग्न १९७३च्या वैशाखात, ऐन दुष्काळात. आदल्या वर्षी ती आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. वय सोळा. तेव्हाच्या कायद्यानं मुलीला पंधरा पुरे होते, अठराची अट १९७८ साली आली. त्याच सुमाराला तेव्हाच्या आपल्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याकडे, आदिवासी बाया एकत्र येऊन दारूचे गुत्ते फोडत होत्या. जिजीला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्हाले कोनी सांगंच नही." तिच्या वाट्याला सासर आलं. मांडवात तिचं नाव बदललं. माहेरचं नाव गेलं, सासऱ्यांना आवडलेल्या एका देवीचं नाव आलं. आठ दिवसांनी नवरा मुंबईला. वर्षाकाठी दोनेक महिने घरी, बाकी दहा महिने ती आणि सासरची पंधरा एकर.

मनिऑर्डर यायची सासऱ्यांच्या नावावर. पत्र यायचं तेही सासऱ्यांच्या नावावर. धाकटा दीर ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचा. सगळ्यांना क्रमानं नमस्कार, लहानांना आशीर्वाद, बैलांची चौकशी, पावसाची चौकशी आणि शेवटी 'घरी सांगणे'. जिजी म्हणाली, "बारा वरीस मी त्या 'घरी सांगणे'ची वाट पाहत दारामागं उभी राहायची." आत काय सांगायचं ते कधी लिहिलेलं नसायचं. सगळ्यांसमोर बायकोला काय लिहिणार? आबांची बाजूही मी नंतर ऐकली. ते म्हणाले, एकदा लिहिलं होतं दोन ओळींचं, तर दिरानं गावभर केलं. पुन्हा लिहिलं नाही.

गावातल्या बाया तिला डिवचायच्या. मुंबईत दुसरी असेल गं, बंदरावरच्या माणसाचा काय भरवसा. जिजी तोंडावर म्हणायची, "से ना, मनी सवत से. तिनं नाव विक्रांत." असं म्हटलं की बाया हसायच्या आणि विषय संपायचा. पण मनातला संपत नव्हता.

१९७९ साली आबांचा कुलाब्याला, नेव्हीनगरात क्वार्टरसाठी नंबर लागला. त्यांनी घरी कळवलं. सासरे म्हणाले, ही गेली तर निंदणीला कोण? झालं. ते घर दुसऱ्या कुणाला मिळालं. जिजीला नंबर लागल्याचं कळलं ते तीन वर्षांनी, भांडणात. त्या प्रवासात आबांना बंदर बघायचं होतं. जिजीला ते घर बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणला तिच्या भाच्याकडे उतरलो. अर्धं खानदेश कल्याण-डोंबिवलीत आहे, तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या दिवशी मुंबई.

आधी गाडी नौदल गोदीच्या रस्त्याला. आबा लायन गेटजवळ उतरले आणि सरळ उभे राहिले. मी त्यांना इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं. पण आत बघायचं काय? त्यांची बोट तिथे नाही. 'विक्रांत' १९९७च्या जानेवारीत सेवेतून निघाली. २००१ पासून काही वर्षं तिचं संग्रहालय केलं होतं, शाळेच्या सहली जायच्या. २०१२मध्ये तेही बंद झालं. जतन करायला पैसा कोण देणार यावर पुष्कळ घोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४मध्ये बोट भंगारात विकली गेली. दारूखान्याला नेऊन तोडली. अमेरिकेनं आपली 'मिडवे' सॅन दिएगोला संग्रहालय करून ठेवलीय, म्हणून तिथला म्हातारा नातवाचं बोट धरून डेकवर चढू शकतो. आपल्या म्हाताऱ्यासाठी रस्त्याच्या कडेला त्याच बोटीच्या पत्र्यांतून केलेलं एक शिल्प आहे. नवी 'विक्रांत' २०२२मध्ये कोचीला दाखल झाली, पण आबा म्हणाले, नाव तेच ठेवलं म्हणून बोट तीच होते का?

हे जिजीनं ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. नाव बदललं म्हणून बाई बदलते का, हा तिचा प्रश्न होता. दोघांचे प्रश्न शेजारी शेजारी उभे होते आणि त्यांचं त्यांना कळत नव्हतं!

जिजीनं शिल्पाभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाली, "बिचारी! इले बी मोडी टाकं." पुतण्यानं सांगितलं की त्या लोखंडातलं काही मोटारसायकलच्या कंपनीनं घेतलं, २०१६मध्ये 'व्ही' नावाची गाडी काढली, आपल्या गावातही एकाकडे आहे. आबा हसले. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांचे डोळे ओले बघितले.

तिथून कुलाब्याला. नेव्हीनगरच्या फाटकाबाहेर गाडी थांबवली. आबांकडे माजी सैनिकाचं ओळखपत्र होतं, विचारलं असतं तर कदाचित सोडलंही असतं. त्यांनी विचारलंच नाही. बाहेरूनच बोट केलं, त्या बाजूला, झाडामागं, अशी इमारत होती. जिजी बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, "पानी येतं का नळले?" आबा म्हणाले, दोन वेळ. "आणि शाळा?" शाळा पण आहे. जिजी म्हणाली, "चाला."

बस, एवढंच. मोठा मुलगा सातवीत शाळा सोडून निंदणीला लागला होता, हे मला नंतर नातीनं सांगितलं.

दुपारी गेटवेवरून लाँच घेतली. डिसेंबर २०२४मध्ये त्याच पाण्यात नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळून माणसं गेली, त्यामुळे सगळ्यांना केशरी जॅकेटं घातली होती. जिजीनं पहिल्यांदा समुद्र बघितला. "इतलं पानी!" म्हणाली, आणि लगेच, "आणि पेवाले एक थेंब नही." दूरवर राखाडी जहाजं उभी होती. आबा नातीला सांगत होते, ही फ्रिगेट, ती पाणबुडीविरोधी. तिथेच त्यांनी 'खुकरी'ची गोष्ट काढली. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन मुल्ला बोटीबरोबर गेले, त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, असायलाच हवं. आबांबरोबर भरती झालेला एक जण त्यात होता. नुकतं लग्न झालेलं. आबा म्हणाले, त्याच्या घरी जायचं म्हणून पाचदा ठरवलं, गेलो नाही, तिला काय सांगणार? नंतर ऐकलं की तिला दिराला दिली.

'दिराला दिली.' मैत्रिणींनो, इथे मी नियम सांगते, कारण तो ऐकण्यासारखा आहे. शौर्यपदक मिळवून गेलेल्या जवानाच्या विधवेला त्या पदकाचा भत्ता मिळे, पण तिनं पुन्हा लग्न केलं की बंद. १९९५मध्ये सरकारनं सवलत दिली, लग्न दिराशी केलं तर भत्ता चालू राहील. म्हणजे भत्ता घरात राहिला पाहिजे, आणि तो घरात राहावा म्हणून बाईही घरातच राहिली पाहिजे! ही दिराची अट काढायला २०१७ साल उजाडलं. बावीस वर्षं सरकारी कागदावर विधवेच्या लग्नाला दिराचा पत्ता लिहिलेला होता.

लाँच परत फिरली तेव्हा जिजीनं अचानक विचारलं. नात पुढे रेलिंगला होती, मी बाजूला. आबांकडे न बघता म्हणाली, "त्या गल्लीमा जात व्हता का तुम्ही?" कुठली गल्ली ते कुणी विचारलं नाही. बंदर तिथे त्या गल्ल्या. कामाठीपुरा इंग्रजांच्या शिपायांसाठी आणि खलाशांसाठी वाढला हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी उठून जायला निघाले, तर जिजीनं माझा हात धरून ठेवला. आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दोनदा. लगीन व्हवाना आंगे." म्हणजे लग्नाआधी. जिजी म्हणाली, "बरं."

तो 'बरं' मला अजून नीट उलगडलेला नाही. माझ्या वयाच्या बाईनं वाद घातला असता. तिनं पन्नास वर्षं उत्तराची वाट पाहिली होती, आणि उत्तर मिळाल्यावर फक्त पोच दिली. खरं की खोटं याची शहानिशा तिनं केली नाही, मीही करणार नाही. एक मात्र तिथे बसल्या बसल्या मनात आलं ते सांगते. त्या गल्लीतल्या ज्या मुली होत्या, त्यांनाही कुणीतरी नाव बदलूनच आणलं होतं. त्यांचा कुठल्याच दप्तरात पत्ता नाही. आपण 'फौजींच्या बायका' म्हणतो तेव्हा त्या धरत नाही.

गेटवेला उतरल्यावर मी नातीला १९४६ची हकिगत सांगितली. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईच्या 'तलवार' केंद्रातल्या नाविकांनी संप पुकारला. तोंडावर कारण होतं निकृष्ट अन्न, गोऱ्यांच्या शिव्या. बघता बघता तो जहाजांवर पसरला. इंग्रज अधिकाऱ्यांनी रसद तोडली तेव्हा मुंबईची माणसं डबे, फळं, पाव घेऊन गेटवेवर आली. इथेच, जिथे आता फोटोवाले मागे लागतात. कामगारांनी हरताळ पाळला, आणि २२ तारखेला परळमध्ये झालेल्या गोळीबारात कमल दोंदे मारल्या गेल्या. परळच्या महिला संघातली ही कार्यकर्ती. कुसुम रणदिवेंच्या पायाला गोळी लागली. अहिल्याबाई रांगणेकर तिथेच होत्या. नाविकांच्या उठावाचा पुतळा दक्षिण मुंबईत आहे, तो मी नातीला दाखवला. कमल दोंदेंचा दाखवायला मला काही सापडलं नाही. जिजीनं मात्र एवढंच उचललं, की पोरं उपाशी म्हणून लोकांनी भाकरी आणली. "मंग चांगलं गाव से," म्हणाली. सवतीचं गाव तिनं तिथे पास केलं.

आता ते इंग्रजी कागदांचं. आबांच्या पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव होतं मांडवातलं, देवीचं. जिजीच्या आधारकार्डावर, बँकेत, रेशनकार्डावर नाव माहेरचं, कारण १९८५ नंतर वेगळं बिऱ्हाड केल्यावर तिनं तेच पुन्हा लावलं होतं. (सासरे गेल्यावर. आधी हिंमत नव्हती, ती स्वतःच सांगते.) जन्मतारखा दोन्हीकडे वेगळ्या. आणि आबांच्या एका जुन्या फॉर्मवर वारस म्हणून त्यांचे वडील, जे तीस वर्षांपूर्वी वारले. याचा अर्थ काय? आबा उद्या गेले तर सरकारच्या लेखी त्यांची बायको म्हणजे एक अशी बाई, जी अस्तित्वातच नाही. आणि घरात बसलेली जिजी म्हणजे कुणी तिऱ्हाईत.

मी हे भीती घालायला सांगत नाही. शिंदखेडा तालुक्यातली एक बाई मी तीन वर्षं बघितली. नवरा फौजेतून निवृत्त, गेला. नाव जुळत नाही म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन अडलं. ते २०१६ पासून कमीत कमी महिना ९००० रुपये आणि त्यावर महागाईभत्ता. नवरा असता तर एका सहीनं झालं असतं ते काम तिला तीन वर्षं लागलं, कारण आता तीच ती हे सांगणारा माणूस उरला नव्हता. त्या तीन वर्षांत तिनं दोन शेळ्या आणि मंगळसूत्र विकलं. मग पैसे आले, थकबाकीसकट. मंगळसूत्र तिनं पुन्हा केलं नाही, शेळ्या घेतल्या.

नौदलाच्या नाविकांची सेवापुस्तकं मुंबईतच, मानखुर्दच्या चीता कँपात असतात. चौथ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. खरं सांगायचं तर हे काम जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज करून टपालानंही झालं असतं. ते मला नंतर कळलं. एम.एस.डब्ल्यू. केलेल्या माणसालाही सगळं माहीत असतं असं नाही! पण तिथे गेलो ते बरं झालं. समोरच्या माणसानं आबांना विचारलं, लग्नाची तारीख? आबा गप्प. जिजी म्हणाली, "लिखा. सव्वीस मे." तिथीसकट, वारासकट सांगितलं. मग त्यानं आबांना विचारलं, ही दोन्ही नावं यांचीच का? आबांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिचं माहेरचं नाव, पूर्ण, स्वतःचं आडनाव लावून, मोठ्यानं घेतलं. आमच्याकडे त्या पिढीत नवरा-बायको एकमेकांची नावं घेत नाहीत, लग्नात उखाण्यात घेतलं ते तेवढंच. आणि तेव्हाही घेतलं होतं ते देवीचं. जिजीनं मान खाली घातली. पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

परतीच्या वाटेवर इगतपुरीला चहा घेताना नात म्हणाली, मला नेव्हीत जायचंय. ती रोज पहाटे गावच्या रस्त्यावर पळते, मुलांबरोबर. बाई नौदलात अधिकारी म्हणून १९९२ पासून जाऊ शकते. कायमची नेमणूक मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२०चा निकाल लागला. साधी नाविक म्हणून मात्र २०२२ पासून, तीही अग्निवीर म्हणून. चार वर्षं, शंभरातले पंचवीस पुढे घेणार, बाकीच्यांना एकरकमी पैसे आणि घरी. पेन्शन नाही. म्हणजे बाईला दार उघडलं आणि त्याच वेळी पेन्शनचं दार लागलं. हे मी बोलले, तर आबा म्हणाले, "जाऊ दे तिले. मी सोय पाहून गेलो नव्हतो." जिजी म्हणाली, "तुमची सोय मी पाहत व्हती." गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर आबांनी आपणहून एक केलं. सातबारा काढला. पंधरा वर्षं ती राबली त्या शेताच्या त्यांच्या वाट्यावर जिजीचं नाव कुठेच नव्हतं. आपल्याकडे शेतकरी संघटनेनं नव्वदच्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती' चालवली होती, बायकोच्या नावावर जमीन करून देणारी गावंच्या गावं होती. १९९२मध्ये सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचा निर्णय काढला. आबा तेव्हा गावातच होते, सभेलाही गेले होते. अर्ज केला नव्हता. आता केलाय, तलाठ्याकडे आहे. थोरल्या मुलाला तो आवडलेला नाही, घरात अबोला आहे. जिजी म्हणते, बोलेल. मला तितकी खात्री नाही. पुढच्या मेळाव्यात सांगेन काय झालं ते.

पेन्शनच्या कागदावरची दुरुस्ती मात्र झाली. तो कागद आला तेव्हा जिजीनं मला वाचायला लावला, दोनदा. नाव आलं की तिनं बोट ठेवलं, हेच का? हेच. मग तिनं तो पिशवीत घातला, पिशवी पेटीत, पेटीला कुलूप. किल्ली आबांकडे दिली नाही.

आता काम. पाठीमागच्या पडवीत चहा ठेवलाय. चहा झाला की मी तिथेच बसणार आहे, साडेपाचची गाडी आहे तोवर. तुमच्यापैकी ज्यांचा नवरा, मुलगा, भाऊ फौजेत आहे किंवा होता, त्यांनी या. पेन्शनचा पी.पी.ओ. कागद, आधारकार्ड, बँकेचं पासबुक, असेल तर लग्नाचा दाखला. तीन गोष्टी आपण बघू: नाव तेच आहे का, जन्मतारीख तीच आहे का, जोडीचा फोटो लावलाय का. नवरा हयात असेल तर त्यालाही घेऊन या, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला तो जातोच, एकदा माझ्याकडेही यायला हरकत नाही. प्रतिज्ञापत्राचे नमुने मी आणलेत, वीसच आहेत. आणि ज्यांना कागद कुठे ठेवलेत तेच माहीत नाही, त्यांनी आधी या.